जलचरांचे रोगजंतू आणि वनस्पतींतील संवादरोधक द्रव्ये



कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रात रात्री दिवे मालवल्यानंतर एखाद्या टाकीतील पाणी निळसर हिरव्या प्रकाशाने उजळलेले दिसावे, हे दृश्य परक्या माणसाला मनोहर वाटेल. केंद्राच्या चालकाला मात्र ते पाहून धडकी भरते. तो प्रकाश पाण्याचा नसतो. टाकीत पोहणाऱ्या कोळंबीच्या पिलांच्या शरीरांत शिरून तेथे वाढलेल्या जीवाणूंचा तो असतो. प्रकाश दिसू लागला की थोड्याच अवधीत पिले निस्तेज होतात, खाणे सोडतात आणि टाकीच्या तळाशी त्यांचा खच पडतो. आठवड्यांची मेहनत व पुढील हंगामाची आशा एकदमच बुडते. फिलिपाइन्समधील केंद्रांत या रोगाने केलेल्या हानीचे तपशीलवार वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. रोगाचे मूळ असलेल्या जीवाणूचे नाव व्हिब्रिओ हार्वेयी.

भारतालाही हा रोग अपरिचित राहिला नाही. टायगर कोळंबीच्या पिलांच्या अशाच सामूहिक मृत्यूचा अभ्यास मंगळूर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयातील संशोधकांनी केला व तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. टाकीत सापडलेला व्हिब्रिओ हार्वेयी अनेक परिचित प्रतिजैविकांना दाद देत नव्हता, हा त्यातील चिंताजनक भाग होता. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, तेथील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. हा जीवाणू सिमेंट, प्लॅस्टिक व पोलाद यांच्या पृष्ठभागांवर चिकटून थर धरतो, आणि अशा थरात राहणारे जीवाणू पाण्यात सुटे तरंगणाऱ्या जीवाणूंपेक्षा क्लोरीनला व औषधांना कितीतरी अधिक काळ तोंड देतात. टाकी रिकामी केली, धुतली, औषध घातले, आणि तरीही रोग पुन्हा उद्भवला, या अनुभवाचे एक कारण यातून स्पष्ट झाले.

औषध थकले आणि जीवाणू टिकला, अशा या स्थितीत मारण्याहून वेगळा एखादा उपाय संभवतो काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधताना विज्ञान एका अनपेक्षित दिशेकडे वळले. जीवाणूंना ठार करण्याऐवजी त्यांचा आपसांतील संवाद तोडता येईल काय, असा प्रश्न विचारला गेला. आणि असा संवाद तोडणारी द्रव्ये शैवालांत, दालचिनीत, हळदीत व लसणात आढळू लागली. ही द्रव्ये काय करतात हे समजून घेणे जितके आवश्यक आहे, तितकेच त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये हे जाणणेही आवश्यक आहे.

प्रथम जीवाणूंच्या संवादाची कल्पना स्पष्ट केली पाहिजे. जीवाणू हा एकपेशीय जीव. त्याची लांबी बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. त्याला वाणी नाही, श्रवण नाही. प्रत्येक जीवाणू स्वतंत्रपणे खातो, वाढतो व दुभंगतो, अशीच समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९७० मध्ये अमेरिकेतील नील्सन, प्लॅट व हेस्टिंग्ज यांनी एका प्रकाशमान सागरी जीवाणूवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पोषक द्रवात हा जीवाणू वाढवला असता तो आरंभापासून प्रकाशत नाही. संख्या वाढत जाते, तरी द्रव काळोखाच राहतो. आणि संख्या एका मर्यादेपर्यंत पोचली की सारे जीवाणू जणू एकदमच उजळतात. ज्या द्रवात दाट संख्येने जीवाणू वाढले होते, तो द्रव जीवाणूविरहित करून विरळ संख्येच्या जीवाणूंत मिसळला, तर ते विरळ जीवाणूही वेळेपूर्वीच प्रकाशू लागतात. याचा अर्थ असा, की जीवाणू पाण्यात एखादे द्रव्य सोडत असतात आणि त्या द्रव्याच्या प्रमाणावरून आसपास आपले भाईबंद किती आहेत याचा त्यांना सुगावा लागतो.

१९८१ मध्ये या द्रव्याची रासायनिक ओळख पटली. ते ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन या वर्गातील असून त्याचा रेणू लहान असतो: एका टोकास पाच अणूंचे वलय आणि त्याला जोडलेली कार्बन अणूंची शेपटी. शेपटीची लांबी निरनिराळ्या जातींत निरनिराळी असते. जीवाणूच्या पेशीतील एक प्रथिन हा रेणू तयार करते. दुसरे प्रथिन, ज्याला ग्राही म्हणतात, तो रेणू पकडते. जीवाणू थोडे असतील तर रेणू पाण्यात विखुरले जातात. ते पुष्कळ असतील तर रेणूंचे प्रमाण वाढते, ग्राही भारला जातो आणि एरवी निद्रिस्त असलेली जनुके जागी होतात.

सभेचे कामकाज चालण्यासाठी ठराविक सभासद उपस्थित असावे लागतात. त्या संख्येला गणपूर्ती म्हणतात. गणपूर्ती झाल्यावाचून ठराव मांडता येत नाही. जीवाणूंचे वर्तन याच धर्तीचे असल्यामुळे १९९४ मध्ये या प्रक्रियेला इंग्रजीत ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळाले; मराठीत तिला ‘गणपूर्ती-संवेदन’ म्हणता येईल. नाव सभागृहातून घेतलेले असले, तरी जीवाणू विचारपूर्वक ठराव करतात असा त्याचा अर्थ नव्हे. रेणू, ग्राही आणि जनुके यांची ती एक यंत्रणा आहे.

रोगजंतूला या यंत्रणेचा लाभ कोणता, हे सहज ध्यानी येते. माशाच्या शरीरात शिरलेल्या मूठभर जीवाणूंनी लगेच विष सोडण्यास आरंभ केला, तर त्या अल्प विषाने माशाचे फारसे बिघडत नाही. उलट त्याची संरक्षक यंत्रणा सावध होते आणि आगंतुकांचा फडशा पाडते. तटाखाली जमणारे सैन्य पुरेसे संख्याबळ येईपर्यंत रणशिंग फुंकत नाही, त्यातलाच हा प्रकार. संख्या वाढेपर्यंत गप्प राहावे आणि वाढल्यावर एकदम विष, पेशी विरघळवणारी विकरे आणि इतर शस्त्रे बाहेर काढावी, ही रीत अनेक रोगजंतूंनी साधली आहे. व्हिब्रिओ हार्वेयीच्या टाकीतील प्रकाशही त्याच गणपूर्तीची खूण होय. या जीवाणूचे संदेशद्रव्य एकच नाही. तो एकाहून अधिक संदेश एकाच वेळी वापरतो.

रोहू, कटला व मृगळ या कार्प जातीच्या माशांच्या अंगावर व्रण पाडणारा आणि रक्तात विष पसरवणारा एरोमोनास हायड्रोफिला हा गोड्या पाण्यातील जीवाणूही असाच आहे. त्याची संदेशयंत्रणा १९९७ मध्ये उलगडली. त्याची प्रथिने विरघळवणारी विकरे संदेशावर अवलंबून असतात. आणि २००२ मध्ये असेही दिसून आले, की संदेशद्रव्य तयार करणारे जनुक निकामी केल्यास त्याला पृष्ठभागावर पूर्ण वाढीचा थर उभारता येत नाही.

हा थर म्हणजे काय, तेही पाहिले पाहिजे. विहिरीच्या ओल्या पायरीवर, पाण्याच्या रांजणाच्या आतल्या अंगास किंवा सकाळी न घासलेल्या दातांवर जो बुळबुळीत लेप हाताला वा जिभेला जाणवतो, त्यात जीवाणूंच्या वसाहती असतात. दातांवरील लेपातील जीवांचे वर्णन लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्येच केले होते. विज्ञानात अशा लेपाला ‘बायोफिल्म’ अथवा जैवपटल म्हणतात. प्रथम काही जीवाणू पृष्ठभागाला चिकटतात, मग शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिने व डीएनए यांचा चिकट गारा भोवती पसरतात आणि त्यात पुढच्या पिढ्या वसतात. या भिंतीआडचे जीवाणू औषधाला दाद देत नाहीत, याची कारणे अनेक आहेत. काही औषधे गाऱ्यात अडकून पडतात. आतल्या थरांत अन्न व प्राणवायू कमी पोचत असल्यामुळे तेथील जीवाणू मंद गतीने वाढतात, आणि बहुतेक प्रतिजैविके तर वाढत्या जीवाणूंवरच प्रहार करतात. शिवाय जेथे जीवाणूंची दाटी, तेथे संदेशद्रव्याचेही प्रमाण अधिक. खुल्या तळ्यात गणपूर्ती क्वचितच साधते. टाकीच्या भिंतीवरील पटलात आणि माशाच्या आतड्यात ती सहज साधते.

प्रतिजैविकांच्या अडचणी येथेच संपत नाहीत. जमिनीवरील आजारी जनावराला औषध पाजता येते. माशाला ते खाद्यात किंवा पाण्यात मिसळून द्यावे लागते. आजारी मासा प्रथम खाणेच सोडतो. म्हणजे औषध निरोग्यांच्या पोटात जाते आणि रोगी उपाशी राहतो. उरलेले खाद्य तळाशी साचते, पाण्याबरोबर ओढ्यात व खाडीत जाते आणि तेथील असंख्य जीवाणूंना अल्प मात्रेत औषधाची ओळख करून देते. अपुऱ्या मात्रेने जीवाणू निर्ढावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात दिला होता. प्रतिकाराची जनुके एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतात. त्यामुळे तळ्यात घडलेला बदल तळ्यापुरता राहील याची शाश्वती नसते. २००१-०२ च्या सुमारास आशियातून युरोपात गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडले, तेव्हा निर्यात माल परत फिरला आणि गावोगावच्या संवर्धकांना त्याची झळ पोचली. भारतात मत्स्यसंवर्धनात या औषधांच्या वापरास बंदी आहे. बंदी योग्यच आहे. परंतु बंदीने रोग जात नाही. संवर्धकाच्या हातातून एक साधन काढून घेतले, तर दुसरे कोणते द्यावे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाच्या उत्तराकडे जाणारी एक वाट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सापडली. समुद्रात बुडालेली कोणतीही वस्तू थोड्याच दिवसांत जीवाणूंच्या लेपाने आणि मग शिंपले, शेवाळ यांच्या पुटाने झाकली जाते. डेलिसिया पुल्क्रा नावाचे एक लाल शैवाल मात्र आश्चर्यकारकरीत्या स्वच्छ राहते. सिडनी येथील संशोधकांनी त्याच्या पृष्ठभागावरील द्रव्ये तपासली, तेव्हा ब्रोमीनयुक्त फ्युरॅनोन या वर्गातील संयुगे हाती लागली. त्यांची रेणुरचना जीवाणूंच्या संदेशद्रव्याशी मिळतीजुळती होती. १९९६ मध्ये असे दाखवण्यात आले, की ही संयुगे जीवाणूंच्या संदेशात अडथळा आणतात. कुलपात शिरणारी, पण कुलूप न उघडणारी किल्ली, अशी त्यांची कल्पना प्रथम करण्यात आली. पुढे असे दिसले, की त्यांच्या सान्निध्यात ग्राही प्रथिन अधिक लवकर नष्ट होते. म्हणजे किल्लीबरोबर कुलूपही निखळते.

याच संशोधनाची पुढची पायरी २००० मध्ये थेट व्हिब्रिओ हार्वेयीपर्यंत पोचली. फ्युरॅनोनच्या सान्निध्यात वाढलेल्या या जीवाणूचा प्रकाश मंदावला आणि टायगर कोळंबीला मारक ठरणाऱ्या विषाची निर्मितीही घटली. जीवाणूंची वाढ मात्र खुंटली नव्हती. जिवंत जीवाणू, पण निःशस्त्र. मारणे आणि निःशस्त्र करणे यांतील भेद येथे प्रथमच कोळंबीच्या एका रोगजंतूच्या बाबतीत प्रत्यक्ष दिसला. २००४ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी याच वर्गातील एका कृत्रिम संयुगाने व्हिब्रिओ अँग्विलारमची लागण झालेल्या इंद्रधनुषी ट्राऊट माशांचे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे प्रसिद्ध केले.

शैवालाकडे ही विद्या आली कोठून? शैवालाला व वनस्पतीला हलता येत नाही. प्राण्यांच्या रक्तात फिरणाऱ्या संरक्षक पेशींसारख्या पेशी त्यांच्याकडे नसतात. मुळांभोवतीच्या मातीत आणि पानांवर जीवाणूंची सतत वर्दळ असते. त्यांतील काही तर वनस्पतीच्या पेशीभित्ती कुजवणारी विकरे गणपूर्ती होताच सोडतात. सर्वच जीवाणू मारून टाकणे वनस्पतीला शक्य नाही व हितकरही नाही. कारण कित्येक जीवाणू तिचे मित्र असतात. अशा परिस्थितीत शत्रूच्या संदेशांत व्यत्यय आणण्याची शक्ती उत्क्रांतीच्या ओघात तिच्या उपयोगी पडली असावी, असे अनुमान करता येते. २००० मध्ये वाटाण्याच्या रोपांतून स्रवणाऱ्या द्रवात जीवाणूंच्या संदेशांची नक्कल करणारी द्रव्ये असल्याचे दिसून आले, आणि या अनुमानाला आधार मिळाला.

यानंतर शोधाचे क्षेत्र स्वयंपाकघराच्या फडताळापर्यंत विस्तारले. दालचिनीला तिचा गंध देणारे सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य जीवाणूंच्या संदेशांत अडथळा आणते, असे २००६ मध्ये दिसले. २००८ मध्ये बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हिब्रिओ वर्गातील जीवाणूंवर त्याचे कार्य कसे घडते, हे स्पष्ट केले. तेथे ते संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला अडवत नाही. साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेले, जनुकांवर बसून त्यांना जागे करणारे प्रथिन ते दुर्बळ करते. संदेश मिळतो, पण हुकूम बजावला जात नाही. २००९ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी व्हॅनिलाच्या शेंगेतील व्हॅनिलिनमुळे एरोमोनास हायड्रोफिलाच्या पटलनिर्मितीस आळा बसतो, असे दाखवले. लसणातील अहोइन हे गंधकयुक्त द्रव्य २०१२ मध्ये अशाच गुणांमुळे ओळखले गेले. ते प्रयोग मात्र माशांच्या नव्हे, तर मानवाला ग्रासणाऱ्या स्यूडोमोनास जीवाणूवरील होते. तामिळनाडूतील कारैकुडी येथील अळगप्पा विद्यापीठात हळदीतील कुर्कुमिनची परीक्षा व्हिब्रिओ जातींवर घेण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात जीवाणूंचे पटल विरळ झाले, आणि व्हिब्रिओ हार्वेयीची लागण केलेल्या आर्टेमिया या सूक्ष्म कवचधारी जीवाची पिले अधिक संख्येने वाचली.

संवाद तोडण्याचे मार्ग तीन आहेत, असे आता एकत्र सांगता येईल. संदेशद्रव्य तयारच होऊ न देणे हा पहिला. तयार झालेले द्रव्य वाटेतच नष्ट करणे हा दुसरा. ते द्रव्य पोचले तरी त्याचा परिणाम होऊ न देणे हा तिसरा. वनस्पतींची व शैवालांची वर सांगितलेली द्रव्ये बहुतांशी तिसऱ्या मार्गाने जातात. दुसरा मार्ग बॅसिलस वर्गातील काही जीवाणूंना अवगत आहे. ते एका विकराने संदेशरेणूचे वलय उघडतात. पाण्याचा अल्कधर्मीपणाही तेच करतो. दुपारी सूर्यप्रकाशात हिरव्या तळ्याचे पाणी अधिक अल्कधर्मी होते, तेव्हा त्यातील सुटे संदेशरेणू लवकर निष्फळ होतात. भिंतीवरील पटलाच्या आत मात्र हा परिणाम तितकासा पोचत नाही.

इथवर ऐकून एखाद्याला असे वाटेल, की तळ्यात हळद टाकली व खाद्यात दालचिनी कालवली की काम झाले. येथेच थांबून विचार करणे आवश्यक आहे. या विषयावर प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांची संख्या मोठी आहे आणि अमुक वनस्पतीचा अर्क संवादरोधक ठरला, अशी घोषणा वारंवार होते. अशा घोषणेची परीक्षा कशी करावी?

क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा जीवाणू गणपूर्ती झाली की जांभळा रंग तयार करतो. तबकडीवर तो पसरून मध्यभागी वनस्पतीचा अर्क ठेवतात. अर्काभोवती रंगहीन कडे उमटले, तर अर्काने संवाद तोडला असे मानतात. परंतु रंग दोन कारणांनी जातो. जीवाणू मूक झाले म्हणूनही जातो, आणि जीवाणू अर्धमेले झाले म्हणूनही जातो. दुसऱ्या प्रकारचे द्रव्य म्हणजे एक दुबळे प्रतिजैविकच होय, आणि दुबळे प्रतिजैविक हे प्रतिकारशक्ती वाढवण्याचे उत्तम साधन आहे! सिनॅमाल्डिहाइडही अधिक मात्रेत जीवाणू मारते. म्हणून पहिली कसोटी अशी, की अर्क घातल्यावरही जीवाणूंची वाढ पूर्वीइतकीच राहिली पाहिजे. दुसरी कसोटी अशी, की जेथे द्रव्य ग्राहीची जागा अडवते असा दावा असेल, तेथे बाहेरून जादा संदेशद्रव्य घातल्यावर हरवलेला गुण निदान अंशतः परतला पाहिजे. तिसरी आणि सर्वांत कठोर कसोटी प्रत्यक्ष मासा अथवा कोळंबी यांची: लागण झालेला प्राणी वाचला पाहिजे, आणि निरोगी प्राण्याला त्या द्रव्याने अपाय होता कामा नये.

ही तिसरी कसोटी गौण मानणे घातक ठरेल. ब्रोमीनयुक्त फ्युरॅनोन अल्प मात्रेत आर्टेमियाच्या पिलांना व्हिब्रिओपासून वाचवते, आणि मात्रा थोडी वाढली की त्यांनाच मारते, हे २००६ मध्ये दिसून आले. औषधी मात्रा व विषारी मात्रा यांत इतके थोडे अंतर असेल, तर ते द्रव्य संवर्धकाच्या हाती देता येत नाही. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीचे खंडन तर भारतातील मत्स्यशेतकरी स्वतःच्या अनुभवाने करील. तळ्यात बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यासाठी तो हेक्टरी सुमारे २,५०० किलोग्रॅम मोहाची पेंड घालतो. त्या पेंडीतील सॅपोनिन हे वनस्पतीचेच द्रव्य आहे आणि ते माशांना ठार करते.

दुसरी सावधगिरी जीवाणूंच्या विविधतेची आहे. गणपूर्ती झाली म्हणजे प्रत्येक जातीचा जीवाणू पटल उभारतोच असे नाही. पटकीचा जीवाणू, व्हिब्रिओ कॉलेरी, नेमका उलट वागतो: संख्या थोडी असताना तो पटल उभारतो आणि गणपूर्ती झाल्यावर पटल सोडून बाहेर पडतो. हे २००३ च्या सुमारास स्पष्ट झाले. अशा जीवाणूचा संवाद आंधळेपणाने तोडला, तर त्याचे पटल घटण्याऐवजी वाढण्याचा संभव आहे. ज्या तळ्यात अनेक जाती एकत्र नांदतात, तेथे एका जातीला मूक करणारे द्रव्य दुसरीला काय सांगते, हे तपासल्याशिवाय त्याचा वापर करणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे होय.

तिसरी सावधगिरी कालाच्या ओघाची आहे. संवादरोधक द्रव्य जीवाणूला मारत नाही. म्हणून जीवाणूवर निवडीचा ताण पडणार नाही आणि प्रतिकार कधीच निर्माण होणार नाही, असे आरंभी उत्साहाने सांगितले जाई. २०१२ मध्ये स्यूडोमोनास जीवाणूंत फ्युरॅनोनला बाहेर फेकणारे पंप अधिक जोराने चालवणारे प्रकार सापडले. ताण कमी असेल, पण तो शून्य नाही. ज्या परिस्थितीत संदेशावाचून अन्नच मिळत नाही, तेथे मूकपणाही जीवाणूला महाग पडतो आणि त्यावर तो तोडगा काढतो.

शिवाय रोगाचे निदानच चुकले, तर मूकपणाचा उपयोग शून्य. १९८८ मध्ये भारताच्या ईशान्य भागात माशांच्या अंगावर भयंकर व्रण पाडणारी साथ पोचली. व्रणांत एरोमोनास जीवाणू मुबलक सापडत. पण पुढील संशोधनाने साथीचे मूळ ॲफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स या बुरशीसदृश जीवात असल्याचे ठरवले. जीवाणू मागाहून जखमेत शिरले होते. १९९० नंतरच्या दशकात किनाऱ्यावरील कोळंबी-तळी उद्ध्वस्त करणारा श्वेतबिंदू रोग तर विषाणूचा. तेथे जीवाणूंचा संवाद तोडून काहीच साधत नाही.

मग या संशोधनाचे मोल काय? ते निश्चितच मोठे आहे, आणि ते समजण्यासाठी नॉर्वेचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथील सामन माशांच्या संवर्धनात १९८७ मध्ये सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. पुढे प्रभावी लसी आल्या, पिंजऱ्यांच्या जागा व स्वच्छता यांचे नियम कडक झाले, आणि उत्पादन अनेक पटींनी वाढत असताना प्रतिजैविकांचा वापर अत्यल्प राहिला. लस आणि शिस्त यांनी हे घडवले. तथापि कोळंबीला माशासारखी प्रतिपिंडे नसतात. तिच्यासाठी अशी लस करणे कठीण आहे. केवळ काही दिवस वयाच्या पिलांचे तर बोलायलाच नको. म्हणून ज्या प्राण्याला लस देता येत नाही, ज्याच्या टाकीत पटल हटत नाही आणि ज्याच्यासाठी प्रतिजैविके निषिद्ध आहेत, त्याच्या बाबतीत जीवाणूला निःशस्त्र करण्याची कल्पना हा केवळ बौद्धिक विलास राहत नाही. बीजोत्पादन केंद्रातील टाकी ही आकाराने मर्यादित, पाणी गाळून घेता येईल आणि मात्रा मोजून देता येईल अशी जागा आहे. या द्रव्यांचा पहिला खरा उपयोग विस्तीर्ण तळ्यात नव्हे, तर अशा टाकीतच होण्याचा संभव अधिक आहे.

जैवपटलाच्या अभ्यासाचे आणखी एक फळ येथे नमूद करण्याजोगे आहे. मंगळूरच्याच महाविद्यालयात एरोमोनास हायड्रोफिलाचे पटल मुद्दाम वाढवून, त्यातील जीवाणू निर्जीव करून कार्प माशांना खाद्यातून लस म्हणून देण्याचे प्रयोग झाले. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. साधी तोंडावाटे दिलेली लस माशाच्या पचनमार्गात वाया जाते. पटलाचा चिकट गारा तिला तेथून सुखरूप पुढे नेतो. ज्या कवचामुळे जीवाणू औषधापासून वाचतो, तेच कवच माशाच्या रक्षणासाठी कामाला लावता येते. शत्रूचे वर्तन बारकाईने जाणले, तर त्याचेच बळ उपयोगी पडते, असा याचा अर्थ.

श्रोतेहो, मानवाने जीवाणूंशी दीर्घकाळ एकाच भाषेत व्यवहार केला, आणि ती भाषा संहाराची होती. त्या भाषेने असंख्य प्राण वाचवले, यात शंका नाही. पण जेथे पाणी सर्वांचे एकच आहे, जेथे औषध रोग्याच्या पोटात जाण्याऐवजी प्रवाहात मिसळते, तेथे ती भाषा अपुरी पडते. वनस्पतींनी दाखवलेली दुसरी रीत अधिक संयमाची आहे. मात्र संयमाच्या रीतीला परीक्षाही अधिक कसून द्यावी लागते. कोणती मात्रा, कोणता जीवाणू, कोणता प्राणी, कोणते पाणी, या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत दालचिनी व हळद ही आशास्थाने आहेत, औषधे नव्हेत. तोवर टाकीच्या भिंती घासून काढणे, पाणी गाळणे, दाटी टाळणे आणि उरलेले खाद्य उपसणे ही जुनी कामे चालूच ठेवली पाहिजेत. कारण गणपूर्ती मोडण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे सभासदांची संख्याच वाढू न देणे, हाच होय.